सुटलेली कडा

अख्खं हॉस्पिटल तिला चिकटताई म्हणायचं आणि तिला त्याचा राग यायचा नाही, उलट बरंच वाटायचं. ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर ती. बावीस वर्षं एकाच जागी, सर्जनच्या उजव्या हाताला उभी, तो मागेल ते हत्यार त्याच्या तळहातावर ठेवायचं. पण हत्यारं काय, कुणीही देतं. तिचं नाव झालं ते फिल्मवरून.

ही फिल्म म्हणजे काय, तर पोट कापायच्या आधी पोटावर जंतू मारायचं औषध फासतात ना, ते सुकलं की त्यावर एक पारदर्शक कागद चिकटवतात, अगदी पापुद्र्यासारखा पातळ, एका बाजूनं गोंद लावलेला. सर्जन मग त्या फिल्मसकट कातडी कापतो. त्यामागचा विचार असा की कितीही औषध फासलं तरी कातडीवर थोडे जंतू उरतातच, ते फिल्मखाली अडकून पडतील, जखमेत शिरणार नाहीत आणि जखम पिकणार नाही. ऐकलं की लगेच पटतं. कुणालाही पटेल. ताईला बावीस वर्षं पटत होतं.

आणि ती लावायची काय. थिएटरमधले मदतनीस मामा एक टोक धरायचे, दुसरं ती. मामा वयानं मोठे, तोंडानं फटकळ, ते आधीच सगळ्यांना बजावायचे, "ज्याला शिंकायचंय त्यानं बाहेर जाऊन शिंकावं, ताई कागद सोलतायत." मग ती बेंबीपासून सुरुवात करायची, घडी घातलेल्या कापसाच्या पट्टीनं आतून बाहेर, आतून बाहेर, बेंबीच्या खळग्यात करंगळी घालून सुद्धा. एक बुडबुडा राहायचा नाही. पोटावर काही लावलंय हेच कळायचं नाही. नवीन लागलेल्या सिस्टरांना मुद्दाम बघायला उभं करायचे. ती त्यांना एकच गोष्ट सांगायची, "औषध पूर्ण सुकू दे. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. ज्याला घाई आहे त्यानं फिल्मला हात लावू नये."

घरी तर मज्जाच होती. बिल्डिंगमधे कुणी नवीन मोबाईल घेतला की वरची काच लावायला सरळ ताईकडे. दुकानदारानं फुकट लावून दिली तरी लोक काढून आणायचे आणि म्हणायचे, तुम्ही लावा. भाचीच्या वह्यापुस्तकांची कव्हरं तर पहिलीपासून तिच्याच हातची, वर्गातल्या मुली विचारायच्या कुठल्या मशीनवर घातलीस.

या सगळ्यात मोठे डॉक्टर होते. ते आणि ताई एकाच महिन्यात नोकरीला लागले. तेव्हा ते काही मोठेबिठे नव्हते, गाऊनच्या मागच्या गाठी कुणी बांधायच्या हेही त्यांना ताईनं सांगितलेलं. पुढे त्यांचं नाव झालं, विभागाचे प्रमुख झाले, पण ताई नसेल त्या दिवशी त्यांची चिडचिड व्हायची. आणि ते ना, भर थिएटरमधे, शिकाऊ डॉक्टरांसमोर म्हणायचे, "माझ्या जखमा पिकत नाहीत ना, त्याचं कारण ही बाई." एवढ्या एका वाक्यावर ताई आठवडाभर हवेत असायची. घरी सांगायची. परत परत सांगायची. घरचे ऐकून ऐकून कंटाळलेले, तरी सांगायची.

घरचे म्हणजे मुख्यतः धाकटी. ताईपेक्षा नऊ वर्षांनी लहान बहीण, आई लवकर गेल्यामुळे ताईनंच वाढवलेली. धाकटी बेकरीत कामाला. पावाचे गरम ट्रे उचल, मैद्याची पोती सरकव, असं करता करता बेंबीच्या वर एक गाठ आली. हर्निया. दोन वर्षं ती पट्टा बांधून फिरली, कारण धाकटीला ऑपरेशन या शब्दाचंच भय. साधं रक्त तपासायला न्यायचं तरी ताईचा हात इतका आवळून धरायची की नखं रुतायची.

"मी आहे ना आत," ताई म्हणाली. "फिल्म मी लावणार."

"तुझी ती पन्नी?"

"पन्नी नाहीये ती."

"मग काय, सोन्याचा वर्ख?"

"तू झोप फक्त. बाकी मी बघते."

"तू बघणार असशील तर झोपते," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, सांगून ठेवते."

खरं तर घरच्या माणसाच्या ऑपरेशनला सिस्टरनं उभं राहू नये असा नियम होता. पण मोठे डॉक्टर मेट्रनला म्हणाले, "ताई नसेल तर मी हातच लावत नाही." झालं. नियम बाजूला.

त्या दिवशी नेमकी यादी लांबली. धाकटीचा नंबर तिसरा होता, आधीचं ऑपरेशन अडकलं, आणि डॉक्टरांना बारा वाजता कसल्यातरी बैठकीला जायचं होतं. धाकटीच्या पोटावर औषध फासून झालं. ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"चला ताई," डॉक्टर म्हणाले.

"ओलं आहे अजून."

"झालं हो, कोरडंच आहे." आणि त्यांनी स्वतः पट्टी घेऊन पोट टिपलं.

टिपून सुकत नाही ते. ताईला माहीत होतं, मामांना माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं. पण मोठे डॉक्टर चला म्हणाले की चलायचं अशी तिच्या अंगाला सवय. तिनं लावली. लागलीही छान, एकही बुडबुडा नाही, धाकटीच्या पोटावर तर तिनं जरा जास्तच जीव ओतला.

चाळीस मिनिटं झाली. आत कृत्रिम जाळी बसवायचं चाललं होतं, स्नायूला आधार म्हणून ती कायमची आत ठेवतात. आणि खालच्या बाजूची कडा सुटली. पुस्तकाचं पान दुमडतं ना, तेवढीच.

"डॉक्टर, कडा सुटली. ही काढू?"

"आता कुठे काढताय, पाच मिनिटांचं राहिलंय. दाबा."

तिनं दाबली. पाच मिनिटांची पस्तीस झाली. कडा परत सुटली, तिनं परत दाबली. असं तीनदा. तिसऱ्यांदा दाबताना फिल्मखालून घामासारखं थोडंसं पाणी कापलेल्या जागेत उतरलं. ते तिनं पट्टीनं टिपलं. आणि कुणाला काही बोलली नाही. काय बोलायचं, डॉक्टर टाके घालायला लागले होते.

आठव्या दिवशी धाकटीचा फोन आला. "ताई, टाक्यांपाशी गरम लागतंय गं. आणि ठणकतंय."

ताई पायातल्या चपलांचंही भान न ठेवता धावली. पट्टी उचलली. लाल, ताणलेलं, चकचकीत. ही कातडी तिनं दुसऱ्यांच्या पोटांवर पाहिली होती, दुसऱ्या सिस्टरांनी तयार केलेल्या पोटांवर, असं ती मनात म्हणायची तेव्हा. पू झालेला होता. धाकटीला परत भरती केलं, दोन टाके उघडले, सलाईनमधून औषधं चालू झाली. दोन आठवडे गेले तरी पू थांबेना. जाळीपर्यंत पोचलंय, बहुतेक जाळी काढावी लागेल, म्हणजे पुन्हा पोट उघडायचं, असं वॉर्डातले डॉक्टर म्हणायला लागले.

आणि या सगळ्यात धाकटी काय म्हणायची माहितीये? ताईचा हात धरून म्हणायची, "तू होतीस म्हणून एवढ्यावर निभावलं. नाहीतर माझं काय झालं असतं."

ताई खाली मान घालून तिच्या पायावरची चादर सारखी करायची. चादर आधीच सारखी असायची.

मग एका दुपारी जंतूवाल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बोलावलं. या बाई हॉस्पिटलात कुणाची जखम पिकली की का पिकली ते शोधायच्या. वयानं लहान, केस कापलेले, बोलणं सरळसोट, म्हणून थिएटरमधे कुणाला फारशा आवडायच्या नाहीत. त्यांची खोली तळमजल्यावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी चहाचा कप, भिंतीला ओल.

"बसा ताई. तुमच्या बहिणीचा फॉर्म आलाय. तुमची सही हवी असं मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय."

ताईनं फॉर्म घेतला. अक्षर ओळखीचं होतं, बावीस वर्षं औषधांच्या चिठ्ठ्यांवर पाहिलेलं. जखम पिकण्याचं संभाव्य कारण, या रकान्यात लिहिलं होतं: फिल्म ओल्या कातडीवर लावल्यामुळे कडा सुटली. फिल्म लावणारी व्यक्ती: सिस्टर. खाली तिच्या सहीसाठी रेघ.

तिनं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं हलायला लागली.

"हे खरं आहे का?" बाईंनी विचारलं.

"ओली होती कातडी," ताई म्हणाली. "मी सांगितलं होतं त्यांना. ते म्हणाले चला."

"कडा सुटली तेव्हा?"

"ते म्हणाले दाबा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ताई, एक विचारू? ही फिल्म तुम्ही लोक अजून का लावता?"

"म्हणजे? जखम पिकू नये म्हणून."

"अहो, पण तिनं ते कमी होत नाही."

ताई हसलीच. कुणी म्हणावं की साबणानं हात स्वच्छ होत नाहीत, तशी हसली. बाई हसल्या नाहीत.

"हजारो पेशंटांवर बघून झालंय हे, आजकालचं नाही. फिल्म लावलेले आणि न लावलेले. लावून काही फायदा दिसला नाही. उलट साध्या फिल्मनं, म्हणजे तुम्ही लावता ती, पिकण्याचं प्रमाण किंचित जास्तच निघालं. का, ते नक्की कुणाला सांगता येत नाही. खाली ऊब धरते, घाम साचतो, उरलेले जंतू वाढतात, कडा सुटली की ते सगळं जखमेत जातं, असं असावं. तुमच्या बहिणीचं कशानं पिकलं तेही छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण फिल्म नीट लागली असती तर वाचली असती, हे जे इथं लिहिलंय ना, ते चूक आहे. आणि डॉक्टरांना ते ठाऊक आहे."

"त्यांना कसं ठाऊक असेल?"

"मीच कागद पाठवलेत. चार वर्षं झाली. त्यांचं उत्तरही आहे माझ्याकडे." बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

उत्तर दोन ओळींचं होतं. वाचलं, पटलं. पण आमच्या थिएटरच्या सिस्टरचा या फिल्मवर फार जीव आहे, तेव्हा लगेच बंद करता येणार नाही, हळूहळू बघू.

तारीख बघितली तिनं. आणि त्या तारखेनं तिला एकदम दुसरंच काहीतरी आठवलं, आणि ते आठवल्यावर तिला तिथं बसवेना. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या आईचं ऑपरेशन याच थिएटरमधे झालं होतं, याच पत्राच्या पुढच्या महिन्यात. डॉक्टरांचा मित्र कापायला, डॉक्टर शेजारी उभे. ताईनं सगळ्यात चांगलं पाकीट निवडून काढलं होतं, आणि डॉक्टर हळूच म्हणाले होते, "आज राहू दे ताई. आईची कातडी नाजूक आहे, काढताना सोलून निघेल." तिला किती बरं वाटलं होतं तेव्हा. आईची किती काळजी करतो हा माणूस. तिनं घरी येऊन तेही सांगितलं होतं.

फॉर्म तिनं घडी करून खिशात घातला आणि जिने चढून सरळ त्यांच्या केबिनमधे. दार वाजवलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"या ताई," डॉक्टर म्हणाले. समोर डबा उघडा होता. "जेवलात का?"

"तुमच्या आईला फिल्म का नव्हती लावली?"

डॉक्टरांचा घास हातात राहिला. विचारलं असतं की हे असं का लिहिलंत, तर त्यांच्याकडे उत्तर तयार असणार होतं. हे तयार नव्हतं.

"सांगितलं होतं ना, कातडी..."

"कातडी नका सांगू."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "कुणी भरवलंय हे तुमच्या डोक्यात? ती खालची पोरगी?"

"तुम्हाला चार वर्षं माहितीये. चार वर्षं मी रोज लावतेय. रोज तीन, चार. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून बघत होतात. माझं कौतुक करत होतात."

"ताई, फरक फार थोडा आहे हो. शंभरात एखाद-दुसरा."

"माझी बहीण कोण? एखादी का दुसरी?"

ते खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं बोलायला लागले, आणि खरं सांगायचं तर तिला सगळ्यात जास्त तेच लागलं. "हे बघा, तुमचं मन मोडवेना मला. तुम्ही एवढ्या प्रेमानं लावायचात. तुमची ओळख आहे ती. मी बंद करा म्हटलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

"म्हणजे माझं मन राखायला तुम्ही लोकांची पोटं..."

"आणि फॉर्मचं म्हणाल तर त्यात खोटं काय आहे? ओल्यावर लागली, कडा सुटली. तुमच्यावर कुणी काही करणार नाही, घरचीच केस, सगळे समजून घेतील. माझ्या नावावर गेलं तर मी उभारतोय त्या नवीन विभागाची परवानगी अडकेल, त्यात शंभर लोकांचं भलं आहे. तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या. एक सही करा, विषय संपवा."

आता बघा, ही सही केली असती तर काय झालं असतं. धाकटीच्या कागदांत कायमचं लिहिलं गेलं असतं की तिच्या ताईच्या हातून ढिलाई झाली. धाकटीला कुणीतरी सांगितलंच असतं. आणि धाकटीनं, त्या वेड्या मुलीनं, माफही केलं असतं. असू दे ताई, चुकतं माणूस, असं म्हणाली असती. ते ताईला डोळ्यांसमोर दिसलं.

तिनं फॉर्म टेबलावर पसरला, त्यांचंच पेन उचललं आणि रेघेच्या वर, रकान्याच्या बाहेर, समासात, जिथं जागा मिळेल तिथं लिहिलं. कातडी ओली असल्याचं मी सांगितलं. लावा म्हणाले. कडा सुटल्याचं सांगितलं. दाबा म्हणाले. मी तीनदा दाबली. तिसऱ्यांदा खालचं पाणी जखमेत गेलेलं पाहिलं आणि बोलले नाही. ही फिल्म उपयोगाची नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली सही केली, तारीख घातली.

डॉक्टरांनी वाचलं. "हे पाण्याचं तुम्ही उगाच लिहिलंत," ते म्हणाले. "हे कुणालाच ठाऊक नव्हतं."

"मला होतं," ताई म्हणाली.

फॉर्म बाईंच्या हातात देऊन ती तिसऱ्या मजल्यावर गेली. धाकटी उशीला टेकून बसली होती, मुलीनं आणलेली पेज चमच्यानं ढवळत. ताईला बघून तिचा चेहरा फुलला. ताईनं भाचीला बाहेर पाठवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ओली कातडी, पत्र, डॉक्टरांची आई, फॉर्म. एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

धाकटी आधी डॉक्टरांवरच चवताळली. "तो माणूस घरी जेवून गेलाय गं आपल्या. केसानं गळा कापला की तुझा. चांगलं तोंडघशी पाडलं तुला."

"थांब," ताई म्हणाली. "अजून आहे." आणि पाण्याचं सांगितलं.

धाकटीनं चमचा वाटीत ठेवला. "तू बघितलंस?"

"हो."

"माझ्या पोटात जाताना."

"टिपलं मी. पण बोलले नाही."

"का?"

याचं उत्तर ताईनं तीन आठवडे शोधलं होतं. "ते टाके घालायला लागले होते," ती म्हणाली. "त्यांना उशीर झाला होता."

धाकटी ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी आतमधे बेशुद्ध पडले होते ना ताई. मला काही कळत नव्हतं. माझं कळायला तू होतीस तिथं."

"मला वाटलं..."

"तू त्याचं ऐकलंस. मी समोर पडलेली असताना तू त्याचं ऐकलंस. आणि वीस दिवस माझ्या उशाशी बसतेस, मी म्हणतेय तू होतीस म्हणून वाचले, आणि तू ऐकून घेतेस?"

ताई हात पुढे करायला गेली. धाकटीनं हात चादरीखाली घेतला.

"तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय मग? त्यानं चार वर्षं लपवलं, तू वीस दिवस."

दोन दिवसांनी धाकटीचा नवरा तिला दुसऱ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. सामान उचलताना तो ताईला एवढंच म्हणाला, "तिचं डोकं शांत होऊ द्या जरा." ताईनं औषधांचे कागद क्रमानं लावून दिले. धाकटी चाकाच्या खुर्चीत बसून लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता ताई थिएटरमधे हजर. जाणार कुठे, नोकरी तीच. सगळ्यांना सगळं कळलेलं होतं, त्यामुळे कुणीच काही विचारलं नाही. मामांनी तेवढं तिच्या गाऊनच्या गाठी बांधताना म्हटलं, "घट्ट बांधलीय. आज सुटायची नाही." मोठे डॉक्टर आले. त्यांनी तिला ताई म्हटलं नाही. "सिस्टर, सुरू करू," म्हणाले. बावीस वर्षांत तिला सिस्टर म्हणाले नव्हते ते, आणि इतका साधा शब्द असा लागू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

टेबलावर एक निवृत्त पोस्टमनकाका होते. कंबरेखालचा भाग बधिर केलेला, पण शुद्धीत, छातीपाशी पडदा लावलेला. औषध फासलं. तीन मिनिटं झाली. या वेळी डॉक्टर पूर्ण तीन मिनिटं थांबले, घड्याळाकडे बघत, सगळ्यांना दिसेल असं.

"फिल्म," त्यांनी हात पुढे केला.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा, आज नको म्हटलं असतं तर ती कबुलीच झाली असती. मामा सवयीनं पाकीट उघडायला निघाले.

"नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?" पडद्यापलीकडून पोस्टमनकाकांनी विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही नाही, काका. तुम्ही पडून राहा."

"सिस्टर, फिल्म द्या," डॉक्टर म्हणाले.

"नाही देणार." तिचा आवाज फाटला, मास्कच्या आत ओठ खारट झाले, आणि तिला ते पुसताही येईना कारण हात स्वच्छ केलेले. "तुमच्या आईला नव्हती लावली. यांनाही नको."

भूल देणारे डॉक्टर यंत्राच्या पडद्यात एकदम गुंतून गेले. शिकाऊ दोघं पायांकडे बघायला लागले. कुणीही तिच्या बाजूनं एक शब्द बोललं नाही, आणि तिच्या विरुद्धही नाही. तेवढ्यात ताईनं चाकू उचलला आणि डॉक्टरांच्या रिकाम्या तळहातावर ठेवला, मूठ त्यांच्याकडे, पातं वळवून, जसा रोज ठेवायची तसाच.

ते एक क्षण थांबले. मग उघड्या कातडीवर पहिला छेद घेतला. ऑपरेशन पाऊण तास चाललं. तिनं एकही हत्यार चुकीचं दिलं नाही, आणि ते एकदाही तिच्याकडे न बघता हात पुढे करत राहिले.

दुपारी कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसली. मोबाईलवर धाकटीच्या नवऱ्याचा निरोप आलेला होता. जाळी काढली सकाळी, ऑपरेशन नीट झालं, शुद्धीवर आलीये. त्याखाली थोड्या वेळानं पाठवलेला आणखी एक: ती म्हणतेय ताईला कळव मी बरी आहे, काळजी करू नको म्हणावं. पण इतक्यात येऊ नको म्हणावं.

ताईनं ठीक आहे असं लिहिलं, खोडलं. तिला पाणी उकळून द्या असं लिहिलं, तेही खोडलं. दाराशी मामा आले आणि म्हणाले, "ताई, पुढचा पेशंट घेतलाय आत." तिनं मोबाईल कपाटात ठेवला आणि हात धुवायला गेली.